दुबईत नोकरी बदलताना करामातलं टायपिंग सेंटर: माझा अनुभव

दुबईत एका मेनलँड कंपनीतून (म्हणजे वेगळे नियम असलेल्या फ्री झोनच्या बाहेरच्या कंपनीतून) दुसऱ्या मेनलँड कंपनीत जाताना व्हिसाचं सगळं काम नवी कंपनी करते आणि कायद्याने त्याचा खर्चही तिचाच असतो. तरीसुद्धा माझं सांगणं आहे की पदरचे थोडे दिरहम मोडा आणि एखाद्या चांगल्या टायपिंग सेंटरमध्ये, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या दुकानात, जाऊन बसा. मी ज्या दुकानाबद्दल लिहितोय ते दुबईच्या करामा भागात आहे. मागच्या वर्षी नोकरी बदलताना तिथले मुख्य गृहस्थ इक्का यांनी माझं आणि माझ्या घरच्यांचं जे काम केलं, त्याला मी पैकीच्या पैकी मार्क देईन.

दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण इक्कांना जाहिरात नको आहे. आहे तीच गर्दी त्यांना आवरत नाही. पण कुठलं टायपिंग सेंटर चांगलं हे ओळखायला या लेखाचा उपयोग व्हावा, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मी मूळचा चिपळूणचा. रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आणि दुबईत अॅल्युमिनियम आणि काचकामाच्या कंपनीत एस्टिमेटर म्हणून लागलो. कुसैसच्या त्या कंपनीत सहा वर्षं काढली. मग अल कूझमधल्या एका कंपनीने बोलावलं. पगार चांगला, काम मोठं, साइट मरीनाच्या बाजूच्या. बायको आणि मुलगी माझ्याच व्हिसावर, मुलगी चौथीत. म्हणजे माझा एक कागद अडकला तर घरातले तिघंही अडकणार.

आमच्या मामांच्या काळात नोकरी बदलणं म्हणजे कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, हातापाया पडणं होतं. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, एनओसी दिली तर दिली, नाहीतर सहा महिन्यांचा बॅन घेऊन घरी. आता तसं राहिलेलं नाही. २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला आणि १९८० चा जुना कायदा गेला. आता करार सगळे मुदतीचे, नोटीस ३० ते ९० दिवसांच्या मध्ये जी करारात लिहिली असेल ती, प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिने. पासपोर्ट ठेवून घेणं बेकायदा. भरतीचा किंवा व्हिसाचा खर्च कामगाराकडून वसूल करणंही बेकायदा. राजीनामा दिला म्हणून ग्रॅच्युइटी कापण्याची जुनी पद्धतही गेली. एक वर्ष पूर्ण झालं की पूर्ण हिशोबाने मिळते.

कायदा चांगला आहे यात शंका नाही. पण या सगळ्या बदलात तुमच्याशी बोलणारी माणसं कोण असतात ते बघा. जुन्या कंपनीचा एचआर जुन्या कंपनीचा पगार घेतो. नव्या कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणारा पीआरओ, ज्याला इथे मंदूब म्हणतात, तो नव्या कंपनीचा. दोघंही सज्जन असतील, पण कागद ते आपापल्या मालकाच्या बाजूने वाचतात. तुमच्या बाजूने कागद वाचणारा माणूस या अख्ख्या साखळीत कुणी नेमलेलाच नसतो. तो तुम्हाला शोधावा लागतो, आणि मला तो करामात सापडला.

दुकान म्हणजे टेलरचं दुकान आणि कॅफेटेरिया यांच्यामधला एक अरुंद गाळा. तीन टेबलं, तीन संगणक, कीबोर्डवर इंग्रजीच्या शेजारी अरबी अक्षरं, मागे पडद्याआड पांढऱ्या भिंतीसमोर फोटो काढायची जागा. काउंटरच्या काचेखाली कागदांच्या याद्या लावलेल्या: फॅमिली व्हिसाला काय लागतं, आई-वडिलांच्या व्हिसाला काय, नव्या बाळाला काय. पूर्वी सरकारी अर्ज अरबीत टाइप करूनच द्यावे लागायचे, त्या जमान्यापासून ही दुकानं आहेत. आता अर्ज ऑनलाइन जातात, पण दुकानं टिकून आहेत, कारण अर्जात काय भरायचं हे सांगणारा माणूस अजून लागतोच.

मुख्य माणूस केरळचा, साठीच्या आसपासचा. सगळे त्यांना इक्का म्हणतात, मीही तेच म्हणतो. मल्याळम, अरबी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, सगळं बोलतात. माझ्याशी हिंदीत. बोलणं कमी आणि वाचणं जास्त. तुम्ही कागद पुढे केलात की ते आधी तो पालथा घालून मागची बाजू बघतात, मग पहिल्या ओळीपासून सुरू करतात. मागे रांग कितीही असो, वाचणं मध्ये सोडत नाहीत.

मी त्यांच्याकडे गेलो होतो वेगळ्याच कामाला, फॅमिली होल्डसाठी. ज्यांची बायकामुलं त्यांच्या व्हिसावर आहेत त्यांनी हा भाग नीट वाचावा. तुमचा रेसिडेन्सी व्हिसा कॅन्सल होणार म्हणजे तुमच्यावर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसाचा आधार जाणार. म्हणून तुमचा व्हिसा कॅन्सल व्हायच्या आधी घरच्यांचे व्हिसे 'होल्ड'वर टाकायचे, आणि तुमचा नवा व्हिसा झाला की ते परत तुमच्या नव्या व्हिसाला जोडून घ्यायचे. दुबईत हे काम जीडीआरएफएचं, म्हणजे इमिग्रेशनचं, आणि ते आमेर सेंटरमधून, म्हणजे इमिग्रेशनच्या सेवाकेंद्रातून, होतं. कंपनीचा पीआरओ याची आठवण करेलच असं नाही, कारण कुटुंब हा तुमचा खाजगी विषय. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यांच्या घरच्यांचे व्हिसेही कॅन्सल करून सगळं पहिल्यापासून करावं लागलं: एंट्री परमिट, मेडिकल, आयडी, परत सगळा खर्च.

इक्कांनी होल्डचे कागद टाइप करून हातात दिले, आमेरला कुठल्या क्रमाने लावून द्यायचे ते सांगितलं. आणि मग विचारलं, नव्या कंपनीचं ऑफर लेटर आहे का सोबत? माझ्याकडे फोनमध्ये दोन्ही होती, कंपनीच्या लेटरहेडवरचं आणि मंत्रालयाचं. हा फरक नव्याने आलेल्या पोरांना माहीत नसतो, म्हणून लिहितो. कंपनी आधी आपल्या लेटरहेडवर जे पत्र देते ते गोड असतं, पण नोकरीचा पाया असतो तो मोहरेच्या, म्हणजे मनुष्यबळ मंत्रालयाच्या ठरावीक नमुन्यातल्या ऑफर लेटरचा. ते अरबी, इंग्रजी आणि कामगाराला कळणाऱ्या तिसऱ्या भाषेत निघतं. हिंदीतही मिळतं. पुढचा करार या ऑफरशी जुळलाच पाहिजे.

लेटरहेडवर लिहिलं होतं: महिन्याला ९,००० दिरहम. मंत्रालयाच्या ऑफरमध्येही बेरीज ९,०००च होती. इक्कांनी बेरजेकडे पाहिलंच नाही. त्यांनी बेसिकच्या चौकटीवर बोट ठेवलं. बेसिक २,५००, बाकी सगळे भत्ते. जुन्या कंपनीत माझा एकूण पगार ७,५००, पण बेसिक ४,००० होतं.

मग त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला आणि माझ्याकडे वळवून धरला. ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांच्या बेसिकइतकी. बेसिक ४,००० असेल तर त्याला ३० ने भागा, २१ ने गुणा, २,८०० आले. बेसिक २,५०० असेल तर १,७५०. म्हणजे पगार वाढूनही माझी वर्षाची ग्रॅच्युइटी हजाराहून जास्त खाली जात होती. पाच वर्षांनंतर दर वर्षाला ३० दिवसांचं बेसिक मिळतं, तिथे ४,००० विरुद्ध २,५००. नोकरी सोडताना उरलेल्या रजेचे पैसे मिळतात तेही बेसिकवर. आणि २०२३ पासून जो बेकारी विमा सक्तीचा झाला आहे, आयलो, त्यात नोकरी गेली तर बेसिकच्या ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने मिळतात. २,५००चे ६० टक्के म्हणजे १,५००. दुबईत तेवढ्यात तिघांचं घर चालत नाही.

हे सगळं त्यांनी चहाचा कप निवेपर्यंत सांगून टाकलं. टायपिंगच्या बिलात याचा एक पैसाही धरला नाही.

मी त्याच दुपारी अल कूझला फोन केला. वाद घातला नाही, एवढंच म्हटलं की बेरीज तीच ठेवा, पण बेसिक आत्ताच्या पगारापेक्षा कमी असेल तर मी सही करू शकणार नाही. त्यांनी मॅनेजरला विचारलं आणि ४,५०० बेसिकची नवी ऑफर काढली. नव्या कंपनीचं मला कौतुक वाटतं, ताणून धरलं नाही. पण मी विचारलं नसतं तर त्यांनी स्वतःहून दिलं नसतं, आणि इक्कांनी बोट ठेवलं नसतं तर मी विचारलंही नसतं. ऑफरवर सही झाल्यावर मग बोलायला जागा उरत नाही.

दुसरं काम हुद्द्याचं. ऑफरमध्ये जो हुद्दा लिहिलाय त्याला शिक्षणाचा कागद लागतो का, लागत असेल तर तो अटेस्टेड आहे का, हे इक्का पहिल्याच भेटीत विचारून घेतात. माझा डिप्लोमा पहिल्या नोकरीच्या वेळी अटेस्ट झालेला होता: मुंबईत राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईच्या वकिलातीचा. त्यामुळे मला काही करावं लागलं नाही, तोच कागद चालला. पण ज्यांची पहिली नोकरी साध्या हुद्द्यावर झाली आणि आता बढतीने सुपरवायझर किंवा अकाउंटंट होताहेत, त्यांना हा कागद ऐन वेळी आठवतो आणि मग गावाहून कुणाला तरी मुंबईला पाठवावं लागतं. राजीनामा देण्याआधी सर्टिफिकेट काढून पाहा, मागे शिक्के आहेत का.

आता कॅन्सलेशन. माझ्या मते या सेवेची खरी किंमत इथे आहे.

जुन्या कंपनीतले माझे दिवस चांगले गेले. शेवटच्या आठवड्यात मात्र एचआरने मला बोलावून कॅन्सलेशनचा कागद पुढे केला आणि म्हणाले, सही करा, सेटलमेंट अकाउंट्समधून पंधरवड्यात येईल. कागद अरबी आणि इंग्रजीत. मी म्हटलं, एकदा फोटो काढून घेतो, उद्या सही करतो. त्यांनी नाही म्हटलं नाही.

इक्कांनी फोनवर फोटो मोठा केला आणि खालच्या बाजूची एक ओळ दाखवली. त्या ओळीचा अर्थ असा की मला माझे सगळे देय पैसे मिळाले आहेत आणि कंपनीकडून काही येणं बाकी नाही. सही म्हणजे या ओळीला सही. पुढे पैसे आले नाहीत आणि तक्रार करायला गेलात, तर समोरच्याच्या हातात तुमच्याच सहीचा कागद. इक्का एवढंच बोलले: "पैसा आया? तब साइन."

कायदा सांगतो की करार संपल्यापासून १४ दिवसांत कंपनीने सगळा हिशोब चुकता केला पाहिजे. म्हणजे पंधरवडा मागणं गैर नव्हतं, पण आधी सही मागणं गैर होतं. मी एचआरला नम्रपणे सांगितलं की पैसे खात्यात जमा झाले की त्याच दिवशी येऊन सही करतो. थोडं तोंड वाकडं झालं, पण ऐकलं.

त्यांनी सेटलमेंटचा कागद दिला तोही मी करामात नेला. ग्रॅच्युइटी लिहिली होती १६,८००. इक्कांनी पुन्हा कॅल्क्युलेटर घेतला. पहिली पाच वर्षं, प्रत्येकी २,८००, झाले १४,०००. सहावं वर्ष २१ दिवसांचं नाही, ३० दिवसांचं, म्हणजे ४,०००. एकूण १८,०००. कंपनीने सहाच्या सहा वर्षांना २१ दिवस लावले होते. १,२०० दिरहमचा फरक. अकाउंट्समधल्या माणसाला आकडेमोड दाखवली, त्याने तिथल्या तिथे दुरुस्त केली. जाणूनबुजून केलं होतं असं मी म्हणणार नाही, त्यांची एक्सेल शीट तशीच वर्षानुवर्षं चालत आली असावी. पण माझ्या आधी जे सोडून गेले त्यातल्या किती जणांना सहाव्या वर्षाचे पूर्ण पैसे मिळाले असतील, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. त्यात हेल्पर होते, फिटर होते, ज्यांच्यासाठी ही रक्कम म्हणजे गावच्या घराचे पत्रे होते. मी माझ्या ओळखीच्या तिघाचौघांना फोन करून हा हिशोब सांगितला आहे.

पैसे आले, सही केली. मग पुढची साखळी ठरलेली आहे: आधी मोहरेकडे लेबर कॅन्सल, मग इमिग्रेशनकडे रेसिडेन्सी कॅन्सल, मग नव्या कंपनीचं वर्क परमिट, देशात राहूनच चेंज स्टेटस (म्हणजे व्हिसाचा दर्जा नव्या कंपनीकडे बदलून घेणं), मेडिकल, एमिरेट्स आयडीसाठी बोटांचे ठसे, आणि शेवटी दोन वर्षांची नवी रेसिडेन्सी. मेडिकलमध्ये रक्ताची तपासणी आणि छातीचा एक्स-रे, बाकी काही विशेष नाही. पासपोर्टवर स्टिकर २०२२ पासून लागत नाही, आयडी कार्ड हाच पुरावा. कार्ड नवीन येतं, पण ७८४ ने सुरू होणारा नंबर आयुष्यभर तोच राहतो, त्यामुळे बँक, फोन, शाळा सगळीकडे नंबर बदलायची गरज पडत नाही.

कॅन्सलेशनच्या कागदावर तुम्हाला किती तारखेपर्यंत देशात थांबता येईल ते छापून येतं. हा ग्रेस सगळ्यांना सारखा नसतो, तुमच्या कामाच्या दर्जाप्रमाणे बदलतो. म्हणून मित्राला किती मिळाला होता ते ऐकून निवांत बसू नका, स्वतःच्या कागदावरची तारीख पाहा. ती उलटली की दिवसाला ५० दिरहम दंड. इक्का ती तारीख लाल पेनने गोल करून देतात आणि शेजारी नव्या कंपनीने कुठल्या आठवड्यापर्यंत काय केलेलं असलं पाहिजे ते लिहून देतात. तो कागद मी फ्रिजवर लावला होता. पीआरओला फोन करताना मला नेमकं काय विचारायचं ते त्यामुळे माहीत असायचं.

मधल्या दिवसांत नव्या ऑफिसात 'नुसतं येऊन बसा, काम समजून घ्या' असं कुणी म्हणालं तर जाऊ नका. परमिट नसताना कामावर ठेवलं तर कंपनीला दंड १ लाख दिरहमपासून १० लाखांपर्यंत आहे, २०२४ मध्ये तो वाढवला गेला. अल कूझच्या लोकांनी मला हे स्वतःहून सांगितलं आणि परमिट हातात आल्यावरच बोलावलं. कंपनी कशी आहे ते यावरूनही कळतं.

कोकणातल्या मंडळींसाठी वेगळं सांगायला हवं. गणपतीला घरी जायचंच असेल तर नोकरी बदलण्याचं वेळापत्रक त्याप्रमाणे आखा. रेसिडेन्सी कॅन्सल झाल्यावर आणि चेंज स्टेटस व्हायच्या आधी बाहेर पडलात तर परत येणं जुन्या आयडीवर होणार नाही, नव्या कंपनीच्या एंट्री परमिटवर यावं लागेल. ते परमिट निघायला वेळ लागला की तुम्ही गावात आणि पगार बंद. मी विसर्जन करून परत आलो आणि त्यानंतरच नोटीस दिली. इक्कांकडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओणम आणि गणपती अशा दोन्हीकडच्या लोकांची हीच विचारणा चालू असते, आणि ते तिकीट काढण्याआधी या असं सगळ्यांना बजावतात.

दोन गोष्टी त्यांनी जाता जाता तपासल्या ज्या माझ्या डोक्यातही नव्हत्या. एक, आयलोचा हप्ता. बेसिक १६,०००पर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहम, त्याहून जास्त असेल तर १०. रक्कम किरकोळ, म्हणून लोक भरत नाहीत. पण विमाच काढला नाही तर दंड ४०० आणि हप्ते थकले तर २००, आणि दंड बाकी असेल तर नवं वर्क परमिट निघत नाही. माझा हप्ता भरलेला होता. शेजारी बसलेल्या एका नेपाळी मुलाचा नव्हता, त्याचं काम तिथेच थांबलं होतं, आणि इक्कांनी त्याचा दंड ऑनलाइन भरून दिला, पैसे पगार झाल्यावर दे म्हणाले. दुसरी गोष्ट बँकेची. कर्ज किंवा क्रेडिट कार्डची थकबाकी असेल तर शेवटची मोठी रक्कम खात्यात आल्यावर बँक ती अडवून ठेवू शकते. नोकरी बदलतोय हे बँकेला आधी कळवा, नव्या कंपनीचं पत्र द्या.

आता उणं काय ते. दुकानात टोकन नाही. जो आधी ओरडेल त्याचा नंबर असं कधी कधी होतं, आणि बायकांना, विशेषतः लहान मूल घेऊन आलेल्यांना, त्याचा त्रास होतो. इक्का दिसले की त्यांना आत बोलावतात, पण प्रत्येक वेळी दिसतातच असं नाही. एसी जेमतेम. उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका. गाडी लावायला जागा मिळणं कठीण, मेट्रोने जा. बाकीच्या दोन टेबलांवरची मुलं टाइप उत्तम करतात, पण इक्कांसारखं वाचत नाहीत. तुमचं काम गुंतागुंतीचं असेल तर थांबा, पण इक्कांच्याच टेबलाला बसा. फोनवर ते काही सांगत नाहीत आणि पासपोर्टचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागवत नाहीत. सुरुवातीला मला ही अडचण वाटली होती, आता वाटतं की हेच बरोबर आहे. आपले कागद कुणाच्या फोनमध्ये पडून राहत नाहीत.

पावती ते दोन भागांत देतात, सरकारी फी वेगळी आणि टायपिंगचे पैसे वेगळे. ज्या दुकानात एकच गोळा आकडा सांगतात तिथून सरळ उठा. आणि जे दुकानाबाहेर किंवा फेसबुकवर 'व्हिसा ट्रान्सफर करून देतो' म्हणून हजारो दिरहम मागतात त्यांच्यापासून लांब राहा. ट्रान्सफरचा अर्ज कंपनीच्या खात्यातूनच जातो, तो एजंट करूच शकत नाही. नवी कंपनी स्वतः व्हिसाचे पैसे मागत असेल किंवा पगारातून हप्त्याने कापू म्हणत असेल, तर तेही कायद्यात बसत नाही, आणि अशा कंपनीत जावं का याचा विचार आधीच करावा.

टायपिंग सेंटर म्हणजे वकील नव्हे, हे इक्का स्वतःच सांगतात. जुनी कंपनी पैसे देतच नसेल, पासपोर्ट अडवला असेल किंवा कामावरून पळून गेल्याची खोटी तक्रार टाकली असेल, तर ते टाइप करत बसत नाहीत, थेट मोहरेकडे पाठवतात. तक्रार मोहरेच्या अॅपवर किंवा ६००५९०००० या नंबरवर करता येते. ५०,००० दिरहमपर्यंतच्या वादात १ जानेवारी २०२४ पासून मंत्रालयच निकाल देऊ शकतं, कोर्टापर्यंत जावं लागत नाही, आणि एक लाखापर्यंतच्या दाव्याला कामगाराला कोर्ट फी नाही. अॅपवर यूएई पासने, म्हणजे सरकारी डिजिटल ओळखीने, आत गेलात की तुमचा करार, बेसिक, नोटीसचा काळ सगळं दिसतं. अजून नोकरी बदलायची नसली तरी आज रात्रीच उघडून बघा, खूप जणांना आपल्या करारात काय लिहिलंय हेच माहीत नसतं.

फ्री झोनमधल्या लोकांना या दुकानाचा उपयोग मर्यादित आहे. जाफझा असो की डीएमसीसी, तिथे लेबरचं काम त्या त्या झोनची ऑथॉरिटी बघते, मोहरे नाही, आणि कागदाचे नमुनेही वेगळे. इक्का तसं तोंडावर सांगतात आणि पैसे घेत नाहीत. फॅमिली होल्ड मात्र त्यांचाही इथूनच होतो, कारण इमिग्रेशन सगळ्या दुबईचं एकच.

घरच्यांचे व्हिसे माझा नवा व्हिसा आल्यावर होल्डवरून निघाले, त्याचेही कागद इक्कांनीच टाइप केले. घरच्यांना स्पॉन्सर करायला पगार किमान ४,००० लागतो, किंवा ३,००० आणि वर राहायची सोय. माझा त्याहून बराच वर होता, म्हणून तिथे काही प्रश्न आला नाही. जायचं असेल तर मंगळवार-बुधवारी सकाळी लवकर जा. शुक्रवारी सरकारी ऑफिसं अर्धा दिवस असल्याने त्या सकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. सोबत पासपोर्ट, आयडी, जुना करार, दोन्ही ऑफर लेटरं आणि शेवटच्या पगाराची स्लिप घेऊन जा. पैसे रोख न्या, कार्डचं मशीन बहुतेक वेळा बंदच असतं.